दिवाळीच्या भेटकार्डांचे ठसे : सोसायटी ग्रुपवरची चर्चा

ओवीची आई (ए-१०२): दसऱ्याला ठरल्याप्रमाणे वॉचमन काका, झाडलोटीच्या मावश्या, माळीदादा आणि टँकरवाले दादा यांना दिवाळीच्या पाकिटासोबत पोरांनी केलेलं कार्ड द्यायचंय. काल आमच्या घरी सुरुवात झाली. फोटो टाकलेत. पोरांनी मन लावून ठसे मारले, पण सगळा रंग मातकट झालाय आणि नाव लिहायला जागाच उरली नाही. कुणी सुचवा काहीतरी.

सेक्रेटरी काका: वेळ कमी आहे. छापून आणू का? एका दिवसात मिळतील, सगळी एकसारखी.

मीरा मावशी (बी-३०४): नको काका. एकसारखी नकोतच. वर्षभर आपल्या दारात राबणाऱ्या माणसाला आपल्या पोरांच्या हातचं काहीतरी मिळावं म्हणून हा घाट घातलाय. दोन संध्याकाळींचं काम आहे, मी बसते पोरांसोबत.

फोटो पाहिले. लाल आणि हिरवा ओले असताना एकावर एक पडलेत, म्हणून तपकिरी झालं. जांभळ्या-पिवळ्याचं आणि निळ्या-केशरीचंही तेच होतं. एका कार्डावर शेजारचेच रंग घ्या: पिवळा, केशरी, गुलाबी. किंवा निळा, हिरवा, पोपटी. हे एकमेकांत मिसळले तरी घाण दिसत नाहीत. आधी फिका, तो वाळला की त्यावर गडद. आधी मोठा ठसा, मग लहान. आणि एकूण ठसे फिकेच ठेवा, त्यावर नाव उठून दिसलं पाहिजे.

ओवीची आई: ठसे सोप्या वस्तूंचे सांगा मावशी. ऑनलाइन मागवायला आता उशीर झालाय.

मीरा मावशी: मागवायचं काहीच नाही. दसऱ्याची आपट्याची पानं प्रत्येकाच्या घरात पडून असतील. फार कडक झालेली सोडा, जरा लवचीक असतील ती घ्या. पानाच्या मागच्या बाजूला रंग लावायचा, कारण शिरा तिकडे वर आलेल्या असतात. पान रंगाची बाजू खाली करून कार्डावर ठेवा, वर रद्दीचा कागद ठेवून अंगठ्यानं देठापासून टोकापर्यंत दाबत न्या. जोडपानाच्या दोन्ही पाकळ्या आणि त्यातली एकेक शीर उमटते. पोरं बघतच राहतील.

शिवाय भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल मिळतं. कापून थोडा वेळ कागदावर पालथी ठेवा, चिकटपणा कमी होतो. बटाट्याचा ठसा कोरला की फडक्यानं चांगला टिपून घ्या, नाहीतर त्याच्या पाण्यानं रंग पातळ होऊन कडा पसरतात. पेन्सिलीच्या मागचा रबर ठिपक्यांना. पार्सलचा बुडबुड्यांचा प्लास्टिक कागद मोठ्या जागेला.

सुनीताताई (सी-२०१): आमच्या लातूरला शाळेत बाई जुन्या स्लिपरच्या तळव्यातून ठसे कापून द्यायच्या. लई टिकायचे बगा. आणि रांगोळीचे जाळीचे छापे चालतील का? माझ्याकडं डबाभर आहेत.

मीरा मावशी: स्लिपर म्हणजे उत्तमच! कटर मात्र मोठ्यांच्याच हातात. रांगोळीचे छापे तर फारच छान सुचवलंत. ते कार्डावर घट्ट धरून वरून स्पंजनं रंग टिपायचा. स्पंज जवळजवळ कोरडा हवा, आधी रद्दीवर दोन-तीनदा टिपून घ्या. ओला असला की रंग जाळीखाली शिरतो आणि नक्षी जाते.

प्रसाद (ए-३०३): रंग कुठले आणू मावशी? ॲक्रिलिक आहेत घरात.

मीरा मावशी: पोस्टर कलर आण. ॲक्रिलिक आपल्याकडच्या या कोरड्या हवेत ठशावरच वाळतं, आणि एकदा वाळलं की पाण्यानं सुटत नाही. पोस्टर कलर पुन्हा ओला होतो, ठसा धुता येतो. चमच्यातून सावकाश पडेल इतका दाट ठेवायचा. स्टीलच्या ताटलीत ओलसर सुती फडक्याची घडी ठेवून त्यावर रंग पसरायचा, झालं स्टॅम्प पॅड.

कागद २५० ते ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड कार्डशीट, गुळगुळीत चमकणारा नको. झेरॉक्सचा पातळ कागद रंगानं गोळा होतो. आणि कार्डाखाली वर्तमानपत्राची जाड घडी ठेवा. नुसत्या फरशीवर ठसा मधे उठत नाही, कडाच उठतात.

कुलकर्णी आजी (बी-१०१): मीरा, एक विचारू? तू सगळं फिकं-फिकं सांगतेस. दिवाळीचं कार्ड आहे ग. भडक, झगमगीत नको का?

सुनीताताई: मला बी तेच वाटायलंय. फिकं कार्ड हातात घेतल्यावर सणाचं वाटंल का?

मीरा मावशी: आजी, तुमची पैठणी आठवा. पदर भरगच्च, त्यावर मोर, काठ जरीचा. पण अंगावर काय असतं? लहान लहान बुट्ट्या, मधे मोकळी जागा. अंगभर मोरच मोर विणले तर पदराकडे कुणाचं लक्ष जाईल? आपल्या कार्डाचा पदर म्हणजे त्यावर लिहिलेलं नाव आणि पोरांच्या दोन ओळी. मागचे ठसे बुट्टीसारखे हवेत, पुढं पुढं करणारे नकोत.

रंगाची हौस काठावर भागवू. एका बाजूला दोन बोटं रुंद पट्टा राणी कलरचा किंवा गडद जांभळा, हवा तितका भडक. बाकी अंग शांत.

कुलकर्णी आजी: हां, असं सांग ना! काठ मी करते मग. मोर काढता येतो मला.

प्रसाद: अजिंठ्याला १ नंबरच्या लेणीच्या छतावर चौकोन चौकोन पाडून प्रत्येकात वेगळं फूल, फळ, प्राणी काढलाय. तसं करायचं का? प्रत्येक चौकोनात एक पान.

मीरा मावशी: कर की. दोन-तीन कार्डं तशी होऊ देत. मधले दोन चौकोन नावासाठी कोरे सोड.

आता फिकेपणा कसा आणायचा ते सांगते, कारण रंगात पाणी घातलं की डाग पडतात. ठसा रंगात एकदा बुडवायचा आणि न बुडवता तीनदा उमटवायचा. पहिला गडद येतो, दुसरा त्याहून हलका, तिसरा अगदी पुसट. पहिला रद्दीवर मारा, दुसरा-तिसरा कार्डावर. एकाच रंगात दोन छटा मिळतात आणि मागे खोली आल्यासारखी वाटते. पोरांना हे एकदा हातानं करून दाखवावं लागेल.

आणखी एक. ठसे कागदाच्या आत-आतच मारू नका. काही कडेवरून अर्धे बाहेर जाऊ द्या. सगळे आत बसवले की मोजून ठेवल्यासारखे दिसतात, बाहेर गेले की मोठ्या कापडातून तुकडा कापल्यासारखं दिसतं.

ओवीची आई: मग सरळ मोठ्या कागदावरच ठसे मारून नंतर कापले तर?

मीरा मावशी: अगदी तेच म्हणणार होते! अख्ख्या ए-४ कागदावर ठसे मारा, वाळले की १० बाय १४.३ सेंटिमीटरचे चार तुकडे कापा. दुसरा ए-४ मधोमध कापून प्रत्येक अर्ध्याची घडी घातली की दोन कार्डं होतात, प्रत्येक १०.५ बाय १४.८. तुकडा त्यावर चिकटवला की चारी बाजूंनी बारीक पांढरी किनार राहते. बिघडलेला भाग कापण्यात टाकून देता येतो, पोरांचा हिरमोड होत नाही. कालचे मातकट कागदही फेकू नका. त्यातले बरे कोपरे कापून पट्ट्या निघतील.

सेक्रेटरी काका: ठीक आहे, छपाई रद्द. रविवारी सकाळी १० वाजता हॉल उघडतो. फरशीवर आधी रद्दी अंथरा.

मीरा मावशी: काका, सगळ्यांच्या नावांची यादी द्याल का? पूर्ण नावं. कार्डावर "वॉचमन काका" लिहायचं नाही.

सेक्रेटरी काका: रजिस्टरमधून काढून आज रात्री टाकतो. टँकरवाल्या दादांचं नाव माझ्याकडे नाही.

सुनीताताई: ते उद्या सकाळी येतात की वो. मी विचारून घेते. आणि रातपाळीचे वॉचमन मराठी वाचत नाहीत, त्यांचं हिंदीत लिहायला लावा.

प्रसाद: पोस्टर कलर आणि कार्डशीट मी आणतो. भेंड्या?

कुलकर्णी आजी: भेंड्या माझ्याकडून. जून निवडून ठेवते, कोवळ्या दाबल्या की बसतात.