लघवी आठवडाभर गडद पिवळी: पाणी कमी की कावीळ?

ऐरोली_सेक्टर८: वय ४४, काम रबाळे एमआयडीसीत भट्टीजवळ. आठवडाभर लघवी गडद पिवळी. ताप नाही, जळजळ नाही. मल्टीव्हिटॅमिनची गोळी रोज चालू. नुसतं पाणी वाढवून बघावं की लगेच तपासावं?

नमुना_डबी: आधी रंग बघता कुठे ते सांगा. फ्लशच्या टाकीत निळी वडी असेल तर पिवळी लघवी हिरवट दिसते आणि लोक उगाच घाबरतात. पारदर्शक डबीत घ्या, खिडकीपाशी धरून बघा. गोळीतल्या रायबोफ्लेविनचा (व्हिटॅमिन बी२) पिवळा हायलायटर पेनसारखा चकचकीत असतो, गोळीनंतर काही तास दिसतो आणि ओसरतो. पाणी कमी पडलं की रंग मधासारखा होतो, लघवी थोडीच होते, वास उग्र येतो. पाणी वाढवल्यावर दिवसभरात फिकट व्हायला हवी.

झाली नाही तर डबीचं झाकण लावून हलवा. फेससुद्धा पिवळा दिसला तर लघवीत पित्त उतरत असण्याची शंका घ्या. खूण ढोबळ आहे, पण काविळीत डोळे पिवळे व्हायच्या आधीच लघवी गडद होऊ शकते. सोबत शौचाला मातकट-पांढुरकं होत असेल, अंगाला खाज असेल, जेवण नकोसं वाटत असेल तर थांबू नका.

शिफ्ट_सेफ्टी: भट्टीवर तहान लागायची वाट बघायची नसते. दर १५-२० मिनिटांनी एक पेला, साधारण २४० मिली. पण तासाला दीड लिटरच्या वर नको, रक्तातलं सोडियम उतरतं. घाम खूप असेल तर ओआरएस: १ लिटरचं अख्खं पाकीट १ लिटर पाण्यात. अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात ढवळायची सवय वाईट, मीठ-साखरेचं प्रमाण बिघडतं. बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

लघवी कोलासारखी तपकिरी आणि मांड्या-पाठ ठणकतेय, असं असेल तर घरी पाणी पीत बसू नका. स्नायू तुटून किडनीवर ताण येतो, थेट रुग्णालय गाठा.

ऐरोली_सेक्टर८: पाणी वाढवून दोन दिवस झाले, सकाळची अजून गडदच आहे. दुपारी फिकट होते.

युरिन_रुटीन: रात्रभर पाणी पोटात जात नाही, त्यामुळे सकाळची गडद असणारच. दुपारची फिकट होते हे चांगलं. तरी आठवडा झालाय, एकदा युरिन रुटीन, म्हणजे लघवीची साधी तपासणी, करून टाका. सकाळची पहिली, सुरुवातीची धार सोडून मधली, ३० मिली पुरे. दोन तासांत लॅबमध्ये पोचवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा. वरती खिडकीपाशी बघायला सांगितलंय ते ठीक, पण नमुना तिथे विसरू नका: उजेडात बिलिरुबिन (पित्तातलं पिवळं द्रव्य) विरतं आणि रिपोर्ट खोटाच ‘निल’, म्हणजे काही नाही, असा येतो. गोळीत व्हिटॅमिन सी असेल तर लघवीत बुडवायच्या तपासणी-पट्टीवर रक्त, साखर, बिलिरुबिन दडू शकतं. लॅबला तसं सांगा.

रिपोर्टमध्ये स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (लघवी किती दाट आहे तो आकडा) १.०३० च्या आसपास आणि बाकी निल, तर पाणीच कमी. पट्टीवर रक्त आहे पण सूक्ष्मदर्शकात तांबड्या पेशी नाहीत, तर शिफ्ट_सेफ्टी म्हणतात ते स्नायूंचं प्रकरण असू शकतं.

नमुना_डबी: एक राहिलं. बीट किंवा टीबीची रिफाम्पिसिन चालू नसताना लघवी लाल झाली, तर दुखत नसलं तरी आणि एकदाच झाली तरी यूरोलॉजिस्टला दाखवा. चाळिशी उलटलेली आणि विडी-सिगारेट असेल तर नक्कीच.