पवित्र आत्मा शिकवत असताना ख्रिस्तसभेने (चर्चने) लावलेला अर्थ कशाला हवा?

वचनप्रेमी: मागच्या धाग्यात एका सदस्याने लिहिले होते की, ‘पवित्र आत्मा मला थेट शिकवतो, त्यामुळे वचनाचा अर्थ समजण्यासाठी मला ना पोप हवा, ना पाळक.’ हे वाचून गप्प बसणे मला शक्य झाले नाही. आत्मा तुम्हाला सर्व सत्यात नेईल, हे योहान १६:१३ मधले अभिवचन शेवटच्या भोजनाच्या रात्री एकत्र जमलेल्या शिष्यांना दिलेले आहे, खोलीत एकट्याने वाचणाऱ्याला नव्हे. प्रेषितांच्या कृत्यांतील हबशी अधिकारी यशया वाचत होता, तेव्हा आत्म्याने त्याला परस्पर अर्थ सांगितला नाही. त्याने फिलिप्पाला त्याच्या रथाकडे पाठवले. जर्मनीतील मारबुर्ग येथे १५२९ मध्ये ल्यूथर आणि झ्विंगली या दोन प्रॉटेस्टंट धर्मसुधारकांचे पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर एकमत झाले, परंतु प्रभुभोजनातील भाकरीबद्दलच्या ‘हे माझे शरीर आहे’ या वचनापाशी ते कायमचे वेगळे झाले. या दोघांपैकी आत्म्याने कोणाला शिकवले नव्हते, हे त्या सदस्याने सांगावे.

बिरुयाकर: तो सदस्य मीच आहे. बिरुया नगरातल्या लोकांनी खुद्द प्रेषित पौलाचे म्हणणे दररोज शास्त्रात पडताळून पाहिले आणि प्रेषितांची कृत्ये लिहिणाऱ्या लूकने त्याबद्दल त्यांची प्रशंसाच केली आहे. कॉन्स्टन्स येथे भरलेल्या ख्रिस्तसभेच्या परिषदेने, आपण पवित्र आत्म्यात विधिवत एकत्र आलो आहोत, असे १४१५ मध्ये जाहीर केले आणि त्याच वर्षी यान हुस या बोहेमियातील धर्मसुधारकाला जाळण्यासाठी सत्ताधीशांच्या हवाली केले. एकत्र बसल्याने चूक टळते, असे यानंतरही तुम्ही म्हणणार का?

वचनप्रेमी: २ पेत्र १:२० वाचा. शास्त्रातील संदेशाचा उलगडा कोणी आपल्या मनाने करायचा नसतो.

जुनी वही: हे वचन आपण मोठ्या विश्वासाने पुढे करता, म्हणून लक्षात आणून देतो की, पेत्राच्या दुसऱ्या पत्राची गणना ख्रिस्तसभेचा इतिहासकार युसेबियस याने चौथ्या शतकातही विवादित पुस्तकांत केली आहे. आज आपल्या हाती असलेली नव्या करारातील सत्तावीस पुस्तकांची यादी अलेक्झांड्रियाचे बिशप अथनासियस यांच्या ३६७ मधील पत्रात आढळते. तेव्हा बिरुयाकरांनी आधी हे सांगावे की, हे पत्र शास्त्र आहे हे त्यांना कोणी सांगितले.

बिरुयाकर: मंडळीने (ख्रिस्ती समुदायाने) ते शास्त्र म्हणून ओळखले, निर्माण केले नाही. साक्षीदार वारसाला ओळखतो, म्हणून वारसा साक्षीदाराचा होत नाही.

जुनी वही: परंतु साक्षीदारच खोटा मानला, तर वारसाही सिद्ध होत नाही. ल्यूथरने याकोबाच्या पत्राला कमी लेखले, तरी तुमच्या बायबलात ते आजही आहे. म्हणजे तिथे तुम्ही एकट्या वाचकाचे न ऐकता मंडळीचेच ऐकले आहे.

बिरुयाकर: आणि ज्या ख्रिस्तसभेचा तुम्ही एवढा आधार घेता, तिने ट्रेंट येथील परिषदेत १५४६ मध्ये आपली बायबलमधील पुस्तकांची यादी न मानणाऱ्यांना शापित ठरवले आणि आपल्या अर्थाविरुद्ध अर्थ लावण्यासही मनाई केली. माझ्या आईने एका धर्मगुरूंना एका वचनाबद्दल शंका विचारली, तेव्हा ‘हे तुमचे काम नाही’ एवढेच उत्तर मिळाले. त्यानंतर तिने बायबल उघडले नाही. हे मी विसरू शकत नाही.

पाळककन्या: तुमच्या आईबद्दल वाईट वाटते, परंतु माझ्या मावशीचेही ऐका. ‘आत्म्याने मला सांगितले आहे’ असे म्हणणाऱ्या एका उपदेशकाच्या शब्दावर तिने औषधे बंद केली आणि काही महिन्यांत ती गेली. त्याला जाब विचारणारी ना वडीलमंडळी होती, ना बिशप. अधिकाराचा जाच तुम्ही भोगला असेल. अधिकार नसण्याचा जाच आम्ही भोगला आहे.

वचनप्रेमी: कॉन्स्टन्सचे समर्थन मी करणार नाही, करताही येणार नाही. मात्र दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की, ख्रिस्तसभेचा अध्यापनाचा अधिकार वचनाच्या वर नाही, तो वचनाचा सेवक आहे.

बिरुयाकर: हे वाक्य हुसच्या काळात पाळले गेले असते, तर बरे झाले असते. मावशींची हकीगत वाचल्यावर एवढे मान्य करतो की, आपल्याला आत्म्याने काय सांगितले याची पारख कोणी एकट्याने करू नये, इतर विश्वासणाऱ्यांपुढे ते ठेवावे. परंतु मंडळीने मला पडताळणे वेगळे आणि मंडळीला कोणीच पडताळू नये हे वेगळे. ट्रेंटने दुसरी गोष्ट मागितली आहे आणि ती मी देणार नाही.