आईची दाढ दुखायची थांबली आहे, तरी रूट कॅनाल करायचं का?

डिचोलीची_लेक

नमस्कार. प्रश्न माझ्या आईचा आहे. वय ६६. ती साखळीच्या पलीकडे गावात राहते, मी डिचोलीत.

जत्रेतलं खाजं चावताना तिच्या डाव्या बाजूच्या खालच्या दाढेचा तुकडा उडाला. दाढ आधीच किडलेली होती, आत खड्डा दिसत होता, पण दुखत नव्हती म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. तुकडा उडाल्यावर चार रात्री तिने बसून काढल्या. आडवी झाली की ठणका कानशिलापर्यंत जायचा. गरम चहाचा घोट घेतला की डोळ्यांत पाणी. लवंग धरली, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, फार्मसीतून गोळ्या आणल्या. पाचव्या दिवशी दुखणं एकदम थांबलं. आता चार आठवडे झाले, काहीच त्रास नाही.

तरी मी हट्टाने तिला दंतवैद्याकडे नेलं. त्यांनी एक्स-रे काढला आणि म्हणाले, नस मेली आहे, रूट कॅनाल करून कॅप घाला, नाहीतर दाढ काढा. रूट कॅनाल आणि कॅप मिळून बारा हजारांच्या आसपास खर्च सांगितला. आई म्हणते, "दुखत नाही त्याला हात कशाला लावायचा? दुखली तर काढून टाकू. पाच गेल्या, सहावी गेली तर काय बिघडतं?" तिच्या पाच दाढा आधीच काढलेल्या आहेत, बहुतेक उजव्या बाजूच्या. म्हणजे जेवते ती याच दाढेवर.

मधुमेह बारा वर्षं आहे. गोळ्या चालू आहेत, पण तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ८.९ आली. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं. दात साफ करून घे म्हटलं तर गावात सगळे सांगतात की साफ केल्याने दात हलायला लागतात. सकाळी आणि रात्री ती मशेरी लावते, लग्नाआधीपासूनची सवय. मशेरी ठेवते तिथे खालच्या ओठाच्या आत पांढरट डाग आहे, पण तो बरीच वर्षं आहे आणि दुखत नाही.

दाढ वाचवावी की काढावी? मधुमेहात रूट कॅनाल चालतं का? आणि बांबोळीच्या डेंटल कॉलेजात नेलं तर खर्च कमी होईल का?

फोंडेकर

काढू नका, एवढंच सांगतो. मी ३८ व्या वर्षी अशीच खालची दाढ काढून घेतली, कारण काढणं स्वस्त होतं आणि एका दिवसात मोकळा झालो. आता ४९ चा आहे. मागची दाढ त्या रिकाम्या जागेत कलंडली आहे आणि वरची दाढ समोर टेकायला काही नसल्यामुळे खाली उतरली आहे. दोन दाढांच्या फटीत रोज अन्न अडकतं. त्या वेळी जे वाचवलं त्याच्या कितीतरी पट आता ब्रिजला (शेजारच्या दातांवर टेकवलेल्या खोट्या दाताला) सांगतात, शिवाय त्यासाठी शेजारचे दोन चांगले दात घासून लहान करावे लागणार.

पेडण्याची_बाई

लेकी, तुझ्या आईच्या जागी मी होते, म्हणून सविस्तर लिहिते.

माझीही दाढ अशीच ठणकून थांबली. मी शाळेत शिकवत होते, चाचणी परीक्षेचे दिवस होते, थांबली म्हणून देवाचे आभार मानले आणि विसरले. चार महिने गेले. चवथीच्या आदल्या दिवशी नेवऱ्या तळत बसले होते, तेव्हा त्या बाजूला जड वाटायला लागलं. रात्री गाल सुजला. सकाळी गणपती घरात यायच्या वेळी माझा एक डोळा अर्धा झाकलेला आणि अंगात ताप. सणाच्या दिवशी दवाखाने बंद. माझ्या दिराने दोन-तीन ठिकाणी फोन केले, शेवटी एका डॉक्टरांनी घरातली पूजा आटोपून दवाखाना उघडला. त्यांनी दाढेला वरून छिद्र पाडलं तेव्हा पू बाहेर आला आणि मला पाच मिनिटांत माणसात आल्यासारखं वाटलं.

नंतर त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. दाताच्या आत नस आणि रक्तवाहिन्या असतात, आणि भोवती सगळ्या बाजूंनी कठीण भिंत. कीड आत पोचली की नस सुजते, पण सुजायला तिथे जागा नसते. म्हणून तो ठणका, म्हणून आडवं पडल्यावर तो वाढतो. नस मेली की दुखायला आत काही उरत नाही. माझं दुखणं थांबलं ते त्यामुळे. जंतू मात्र तिथेच राहतात आणि मुळाच्या टोकातून हळूहळू जबड्याच्या हाडात उतरतात. मी मधल्या काळात दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स घेतला होता. मेलेल्या दातात रक्त पोचत नाही, मग रक्तातून जाणारं औषध तरी तिथे कसं पोचणार? हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर ती चवथ मी अंथरुणात काढली नसती.

रूट कॅनालची भीती आईला वाटत असेल तर तिला सांग की नस मेलेली असल्याने ते काम ठणक्याच्या एका रात्रीपेक्षा फार सोपं आहे. मला तीन खेपा लागल्या. भुलीची सुई टोचली तेवढंच जाणवलं. तोंड उघडं ठेवून जबडा मात्र दुखतो, मधेमधे हात वर करून थांबायला सांगता येतं. काम झाल्यावर दोन दिवस चावताना हळवं वाटलं. आज नऊ वर्षं झाली, त्याच दाढेने मी कांकणं (बांगडीसारखे कडक गोल पाव) खाते.

आणि साफ केल्याने दात हलतात हा समज माझ्या सासूबाईंचाही होता. त्यांच्या खालच्या पुढच्या दातांमागे किटणाचा एवढा थर होता की दात वेगवेगळे दिसत नव्हते. हाड आधीच झिजलेलं होतं, दात त्या किटणाने एकमेकांना बांधलेले होते. ते काढल्यावर मूळची ढिलाई दिसली आणि दोष साफ करणाऱ्यावर आला. पाच वर्षं आधी साफ केले असते तर हाड राहिलं असतं.

बार्देशचा_दंतवैद्य

मी खाजगी दवाखाना चालवतो. तुम्ही दाढेबद्दल विचारलंत, पण मी आधी डागाबद्दल लिहितो, कारण माझ्या दृष्टीने तो पहिला आहे.

मशेरी वर्षानुवर्षं एकाच जागी ठेवली की तिथलं आवरण जाड आणि पांढरं होतं. असे बहुतेक डाग कॅन्सर नसतात. पण त्यातले काही पुढे कॅन्सरमध्ये बदलतात, आणि कोणता बदलेल हे नुसतं बघून मलाही खात्रीने सांगता येत नाही. दुखत नाही याने निश्चिंत होऊ नका, सुरुवातीला बहुतेकदा दुखत नाही. डागात लाल भाग दिसला, हाताला कडक लागला, खरबरीत झाला किंवा तिथे दोन आठवड्यांत न भरणारी जखम झाली तर एक दिवसही थांबू नका. यातलं काही नसलं तरी तो तज्ज्ञाला दाखवा. गरज वाटली तर ते लहानसा तुकडा काढून तपासतील.

१९९२ पासून दात घासायच्या पेस्ट आणि पावडरीत तंबाखू घालायला देशात बंदी आहे. तव्यावर घरी भाजलेल्या मशेरीपर्यंत मात्र ती बंदी पोचत नाही. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी आया मशेरीला तंबाखू मानतच नाहीत, "मी कसलंच व्यसन करत नाही" असं मनापासून सांगतात. त्यांना रागावून उपयोग नाही. दातदुखी दबते म्हणून सुरू केलेली असते आणि मग सुटत नाही, कारण निकोटिन तेच आहे. दात काळे पडणं सोडा, मशेरीने हिरड्या मागे सरतात आणि मुळं उघडी पडतात.

आता दाढ. खालच्या मोठ्या दाढेला साधारण तीन किंवा चार नळ्या असतात. त्यातला कुजलेला भाग काढायचा, नळ्या औषधी पाण्याने धुवायच्या आणि गटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थाने बंद करायच्या. गटापर्चा हा एका झाडाचा चीक आहे. तुकडा उडालेल्या दाढेला नंतर कॅप हवीच, नाहीतर ती चावताना उभी चिरते आणि मग काढण्याशिवाय मार्ग राहत नाही. पैशांची अडचण असेल तर मागच्या दाढेला साध्या धातूची कॅप घाला. दिसायला चंदेरी असते, पण भक्कम असते आणि पांढऱ्या कॅपपेक्षा स्वस्त. एक गोष्ट मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारा: उरलेली भिंत कॅप धरून ठेवण्याइतकी आहे का, आणि तडा हिरडीच्या खाली गेला आहे का. तडा मुळापर्यंत गेला असेल तर बारा हजार घालू नका, काढा.

मधुमेहात रूट कॅनाल चालतं. मेलेली, जंतूंनी भरलेली दाढ तशीच ठेवणं मधुमेहात जास्त धोक्याचं. वेळ सकाळची घ्या, आईला नेहमीचा नाश्ता आणि नेहमीच्या गोळ्या देऊनच न्या, उपाशी नेऊ नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगा, पण स्वतःहून बंद करू नका. ८.९ साखरेत हिरड्या लवकर बऱ्या होत नाहीत आणि हिरड्यांत पू असेल तर साखर सहज खाली येत नाही, दोन्ही एकमेकांना ओढतात. म्हणून स्केलिंग, म्हणजे किटण काढून दात साफ करणं, टाळू नका. नंतर आठ-पंधरा दिवस गार पाणी झोंबेल, ते कमी होतं.

बांबोळीला गोवा डेंटल कॉलेज आहे, १९८० मध्ये सुरू झालेलं, मेडिकल कॉलेजच्या शेजारी. खर्च खाजगीपेक्षा पुष्कळ कमी. विद्यार्थी काम करतात पण शिक्षक तपासतात, त्यामुळे काम चांगलं होतं, फक्त खेपा जास्त आणि सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा लागतो. तुमच्या आईसाठी मी तेच सुचवेन, कारण डाग, दाढ, हिरड्या सगळं एकाच आवारात पाहिलं जाईल.

मध्येच गाल किंवा जबड्याखाली सूज आली, तोंड उघडेना, गिळायला किंवा श्वास घ्यायला जड वाटलं तर वाट न बघता १०८ ला फोन करा.

डिचोलीची_लेक

डॉक्टर, पेडण्याच्या बाई, फोंडेकर दादा, तिघांचेही आभार. डागाचं वाचून मला रात्री झोप लागली नाही. आईला बाईंची चवथीची गोष्ट मोठ्याने वाचून दाखवली. ती गप्प राहिली, मग म्हणाली, "बुधवारी जाऊया."

एक विचारायचं राहिलं. उजव्या बाजूला इम्प्लांट करावेत असं माझा भाऊ म्हणतो. या वयात ते बसतात का?

बार्देशचा_दंतवैद्य

वयाची अडचण नाही, साखरेची आणि मशेरीची आहे. इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू हाडात बसवतात आणि हाड त्याला धरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. साखर वर असताना आणि तंबाखू चालू असताना हाड नीट धरत नाही. आत्ता काढ-घाल करायची अर्धी कवळी करा, साखर सातच्या आसपास आली की भावाशी पुन्हा बोला.

डिचोलीची_लेक

सहा आठवड्यांनी लिहिते आहे.

बांबोळीला आतापर्यंत पाच खेपा झाल्या. डिचोलीहून पणजी, तिथून मडगावच्या बसने बांबोळी. आई पहिल्या दिवशी बसमध्ये एक शब्द बोलली नाही. डागाचा तुकडा घेतला. अहवाल यायचे ते दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. कॅन्सर नाही. पेशींत सौम्य बदल आहे, मशेरी पूर्ण बंद करायला सांगितली आहे आणि तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं आहे. तिथल्या एका मुलीने, शिकाऊ डॉक्टरच असेल, आईच्या हातात आरसा देऊन तो डाग तिला दाखवला. आईने तो आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. रात्रीची मशेरी त्या दिवसापासून बंद आहे. सकाळची अजून दोन-तीनदा झाली, पण ती लपवत नाही, मला फोन करून सांगते. तल्लफ आली की बडीशेप तोंडात टाकते.

दाढेचा तडा वरच होता, रूट कॅनाल पूर्ण झालं. हिरड्या दोन वेळा साफ केल्या, रक्त येणं थांबलंय. रात्रीचा ब्रशही सुरू केला आहे.

आता कॅप आणि उजवीकडची अर्धी कवळी राहिली. कशाचं माप आधी द्यायचं?

बार्देशचा_दंतवैद्य

अहवाल वाचून फार बरं वाटलं. कॅप आधी. कवळीची तार त्याच दाढेला अडकणार असेल तर कॅपचा आकार तसा द्यावा लागतो, म्हणून माप घेतील त्या दिवशीच सांगा की नंतर कवळी करायची आहे. कॅप बसेपर्यंत डाव्या बाजूने खाजं, कांकणं, भाजलेले चणे काही नको.