पुश-स्टार्ट गाडी रात्री रस्त्यावरच उभी असते, काय लावू?

सोसायटीत पार्किंग नाही. कंपनीचा इमोबिलायझर (ओळखीची चावी नसेल तर इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) आहे, तेवढा पुरेल का?

उत्तर १
नाही पुरत. चोर घरातल्या चावीचा सिग्नल रिले करून, म्हणजे उपकरणाने पकडून गाडीपर्यंत पोहोचवून, दार उघडतात, गाडी सुरूही होते. चावी मुख्य दाराजवळ टांगू नका. फॅराडे पाउचमध्ये (सिग्नल अडवणारी जाळीची पिशवी) ठेवा, स्पेअरसुद्धा. पाउच बंद करून गाडीजवळ जा, हँडलचं बटण दाबा. दार उघडलं तर पाउच निकामी. घडीवर आतली जाळी तुटते, म्हणून महिन्याला एकदा तपासाच. चोरांची दुसरी वाट म्हणजे काच फोडून ओबीडी पोर्टमधून (गाडीचा कॉम्प्युटर तपासायचं सॉकेट) नवी चावी प्रोग्रॅम करणं. त्यासाठी पोर्टला कुलूप बसवा.

उत्तर २
सोबत भडक रंगाचा स्टीअरिंग लॉक हवाच. जीपीएस ट्रॅकर मात्र ओबीडीत खोचायचा नको, चोर आधी तोच उपटतो. बॅकअप बॅटरीचा, डॅशबोर्डच्या आत वायरिंग केलेला घ्या.

उत्तर ३
लॅपटॉपची बॅग निघतानाच डिकीत टाका. पोहोचल्यावर टाकली तर बघणाऱ्याला कळतं. मूळ आरसी घरी ठेवा, डिजिलॉकरमधली चालते. आणि दोन्ही मूळ चाव्या जपा, चोरीच्या क्लेमला विमा कंपनी त्या मागते.