मदत हवी आहे: म्युनिकमध्ये कमी खर्चात घरच्या घरी दाट डिकॉक्शन कसं काढावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं म्युनिकमध्ये भाड्याच्या घरात राहतो. रोज दोन वेळा कडक, दुधाची, वर जायफळ किसलेली कॉफी लागते. ती करायला जे काही सामान लागेल ते 70 युरोच्या आत बसवायचं आहे. सप्टेंबरात आई-बाबा तीन महिन्यांसाठी येतायत, त्यामुळे एका वेळी चार कपांचं डिकॉक्शन, म्हणजे दुधात घालायचा कॉफीचा दाट अर्क, निघायला हवं. बाबांना सकाळी उठल्या उठल्या कॉफी लागते आणि इन्स्टंट ते घेत नाहीत. त्यांची इथली सकाळ नीट सुरू व्हावी एवढं मनापासून वाटतं.

चव कशी हवी ते सांगते. माझं माहेर बेळगावचं. घरी स्टीलचा फिल्टर आहे: वरच्या भांड्याच्या बुडाला बारीक भोकं, आत पावडर दाबायला दांडीची चकती, खाली डिकॉक्शन साठवायचं भांडं. पावडर दुकानात समोर दळून घ्यायची, 70 टक्के कॉफी आणि 30 टक्के चिकोरी (कॉफीत मिसळायचं भाजलेलं मूळ). रात्री उकळतं पाणी ओतून ठेवलं की सकाळी काळंभोर, घट्ट डिकॉक्शन तयार. पाणी उकळलं की पुढे वीज नको, गॅस नको.

असाच फिल्टर इथल्या मैत्रिणीकडून आणून पाहिला. सुपरमार्केटमधली दळलेली कॉफी घातली तर पाणी भराभर खाली उतरलं, आणि दूध घातल्यावर रंगही धड येईना. चिकोरी भिजून फुगते, पाणी धरून ठेवते आणि थेंब थेंब सोडते. इथल्या पाकिटात ती नसते. शिवाय ही पावडर कागदी फिल्टरच्या हिशेबाने दळलेली, म्हणजे आपल्यापेक्षा जाडसर. चकती जोरात दाबूनही फारसा फरक पडला नाही.

कागदी फिल्टरचं यंत्र इथे सगळ्यात स्वस्त. साहजिकच आहे, 1908 साली मेलिटा बेंट्झ या ड्रेस्डेनच्या गृहिणीनेच टिपकागद वापरून तो फिल्टर शोधला. वीस-पंचवीस युरोत नवं यंत्र मिळतं, जुनं तर लोक घराबाहेर खोक्यात फुकट ठेवतात. पण कागद कॉफीतलं तेल अडवतो. काळी प्यायला ती कॉफी छानच लागते, ऑफिसात मी आवडीने पिते. दुधात मात्र तिचा मागमूस राहत नाही.

कॅप्सूलचा, म्हणजे यंत्रात घालायच्या एकेका कपाच्या बंद डब्यांचा, विचार सोडला. एका कॅप्सूलमध्ये जेमतेम पाच-सहा ग्रॅम कॉफी आणि किंमत 40-50 सेंट, म्हणजे किलोला 80 युरोच्या घरात. जर्मनीत भाजलेल्या कॉफीवर किलोमागे 2.19 युरो वेगळा कर आहे, तो धरूनही साधी पावडर याच्यापुढे कितीतरी स्वस्त पडते. चार माणसांच्या घरात कॅप्सूल परवडणारच नाही.

राहता राहिला मोका पॉट. माझं मन तिथेच अडकलंय. खालच्या भांड्यात पाणी, मध्ये पावडर, वाफेच्या दाबाने कॉफी वर चढते. एस्प्रेसोच्या 9 बारइतका दाब नसतो, एक-दीड बारच असतो, पण दुधात उतरेल इतकी दाट कॉफी नक्की येते. कपाचा आकडा फसवा आहे, त्यांचा कप म्हणजे साधारण 50 मिली. आपल्या चार कपांना प्रत्येकी त्याच्या दीडपट डिकॉक्शन लागेल, म्हणजे 6 कपांचाच घ्यावा लागेल. आम्ही दोघंच असू तेव्हा तो अर्धा भरून चालत नाही असं म्हणतात. उरलेलं फ्रिजमध्ये ठेवलं तर संध्याकाळपर्यंत चव टिकते का?

खरी अडचण शेगडीची आहे. घरात इंडक्शन, आणि ॲल्युमिनियमचा मोका त्यावर तापत नाही. स्टीलचा चालतो, पण महाग. शिवाय आमच्या शेगडीच्या लहान चुलीलाही किमान 12 सेंटीमीटर बुडाचं भांडं लागतं, आणि दुकानात पाहिलेला 6 कपांचा स्टीलचा मोका बुडाला 10च्या आसपास होता. काहीजण मध्ये इंडक्शनवर तापणारी धातूची चकती ठेवतात. काहीजण लोखंडी तव्यावर ॲल्युमिनियमचा मोका ठेवतात. पोळ्यांचा तवा माझ्याकडे आहे, पण जवळजवळ रिकामा तवा इंडक्शनवर क्षणात लालबुंद होतो. शेगडीची काच घरमालकाची आहे आणि तडा गेला तर डिपॉझिटमधून जाईल. कुणी तवा किंवा चकती रोजच्या रोज, महिनोन्महिने वापरली आहे का? मंद आचेवर निभावतं का? लहान बुडाचा स्टीलचा मोका तुमच्या इंडक्शनने ओळखला का? शेगडीचा प्रकारही सांगा.

क्लाइनअनत्साइगन या जुन्या वस्तूंच्या साइटवर जुनी एस्प्रेसो यंत्रं बजेटमध्ये दिसतात. नवरा त्या बाजूचा आहे. मला धास्ती इथल्या पाण्याची. म्युनिकचं पाणी जड, किटलीत बघता बघता पांढरा थर बसतो. जुन्या यंत्राच्या पोटात तो किती साचलाय हे बाहेरून कसं कळणार? तुम्ही जुनं यंत्र घेतलं असेल तर विकणाऱ्याच्या घरी नेमकं काय चालवून पाहिलंत?

दळण्याचंही विचारते. पुण्याहून आणलेला मिक्सर आहे, 230 व्होल्टचाच, त्यामुळे इथे व्यवस्थित चालतो. चटणीच्या भांड्यात बिया फिरवल्या तर निम्मं पीठ आणि निम्मे तुकडे निघतात. चाळून घेतलं तर मोकाला चालेल का, की हाताने फिरवायच्या ग्राइंडरला पैसे राखून ठेवू? 30-35 युरोतला कुणाचा टिकला असेल तर नाव सांगा.

आणि चिकोरी. इथे भाजलेल्या धान्याच्या इन्स्टंट पेयांमध्ये ती असते, पण त्यात जवही असतं. नुसती भाजून दळलेली चिकोरी म्युनिकमध्ये कुठे मिळाली असेल तर दुकानाचं नाव द्या. ती मिळाली आणि पावडर बारीक दळता आली, तर आई-बाबांना येताना फक्त स्टीलचा मोठा फिल्टर आणायला सांगेन. मग बाकी काहीच घ्यायला नको. मला तोच मार्ग सर्वांत आवडेल.

शनिवारी एक जुनं यंत्र पाहायला जायचं ठरलंय, त्याआधी कुणी उत्तर दिलं तर फार मदत होईल.