मदत हवी आहे: टोसिलिझुमॅब चालू असताना ताकायासूत ग्रेड २ कसा वाचता?

रुग्णाला ताकायासू आर्टेरायटिस (मोठ्या धमन्यांच्या भिंतीचा दाह), टोसिलिझुमॅब (दाह वाढवणाऱ्या आयएल-६ या प्रथिनाला अडवणारं औषध) चालू, लक्षणं नाहीत, सीआरपी (रक्तातला दाहाचा निर्देशक) नॉर्मल. अर्थात आयएल-६ चा रस्ताच अडवल्यावर सीआरपी चढणार कुठून, त्यामुळे त्याच्यावर भिस्त नाही. फॉलो-अप एफडीजी पेट-सीटीत (एफडीजी ही किरणोत्सर्गी साखर कुठे साचते ते दाखवणारा स्कॅन) महाधमनीच्या कमानीत आणि डाव्या सबक्लेव्हियनमध्ये (हाताकडे जाणारी धमनी) सलग ग्रेड २, म्हणजे यकृताइतकाच अपटेक (भिंतीत साचलेलं एफडीजी). अथेरोस्क्लेरोसिससारखा (धमनीच्या भिंतीत चरबी साचण्याचा आजार) तुटक, मांडीच्या धमन्यांत जास्त दिसणारा नाही.

तयारीत खोट नाही: ६ तासांहून जास्त उपास, साखर १०४, इंजेक्शननंतर ६० मिनिटांनी स्कॅन, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत, हात खाली.

घोळ पहिल्या स्कॅनचा आहे. तो प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) सुरू होऊन दोन आठवड्यांनी झाला. पहिले ३ दिवस चालून जातात, पण १०व्या दिवसापर्यंत भिंतीतला अपटेक बराच उतरतो. वर स्टेरॉइडने यकृताचा वाढू शकतो, म्हणजे यकृताशी तुलना करून दिलेला ग्रेड दोन्हीकडून खाली. अशा बेसलाइनशी तुलना काय करणार?

असा ग्रेड २ रिपोर्टमध्ये सक्रिय दाह म्हणून लिहिता, की भिंतीची डागडुजी म्हणून? ९० मिनिटांचा स्कॅन घेतला तर रक्तातला एफडीजी उतरून भिंत स्वच्छ दिसेल, पण मग जुन्या आकड्यांशी मेळ बसणार नाही. पेटव्हास (धमन्यांच्या अपटेकचा एकूण स्कोअर: ९ भाग, प्रत्येकी ० ते ३) ताकायासूत कोणी नियमित काढतं का? एकट्या ग्रेड २ वर औषध वाढवू नये असं माझं मत. आधी एमआर अँजिओत (धमन्यांचा एमआरआय) भिंतीची जाडी आणि नवं आकुंचन बघावं, तरुण रुग्णाचं रेडिएशनही वाचतं. कोणी एकट्या पेटवर औषध बदलत असेल तर कशाच्या आधारावर, तेही लिहा.