मदत हवी आहे: शनिवारी सकाळी साडेसातचा तास
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या कॉलेजात एस.वाय. बी.कॉम.ला स्टॅटिस्टिक्स शिकवते. यंदा माझ्या वाट्याला शनिवारी सकाळी 7:30 चा तास आलाय. पटावर 62, गेल्या शनिवारी समोर 9, त्यातला एक बाकावर डोकं टेकून गाढ झोपलेला!

निम्मी मुलं एसटीने येतात. त्यांची पहिली गाडीच आठला स्टँडवर लागते, त्यांना काय बोलणार? पण हॉस्टेलची पोरं तर पाच मिनिटांवर राहतात. 75 टक्के हजेरीचा धाक दाखवून झाला. सत्र संपताना मेडिकल सर्टिफिकेटांचा गठ्ठा येतो, बस. दर शनिवारी पाच मार्कांची चाचणी घ्यावी, तर एसटीवाल्यांवर अन्याय. वेळ बदलायला वर्ग रिकामा नाही.

कुणी असा तास भरवून दाखवलाय का? नेमकं काय केलंत?